कुऱ्हाडीचा दांडा

वहिनीने बर्फात रोवायची कुऱ्हाड उलटी धरली आणि दांडा नणंदेच्या मांडीवर हाणला.

"वन्सं, उठा."

नणंद बर्फात फतकल मारून बसली होती. दोघींच्या कमरा एकाच दोराने बांधलेल्या. मागे ढगात गेलेलं शिखर सकाळीच त्यांच्या पायाखाली होतं. त्यावर आजवर एकाही बाईचं पाऊल पडलं नव्हतं. आता अंधाराआधी खालचा तंबू गाठायचा होता, आणि वारा पाठीत बुक्के घालत होता.

"जरा पडते," नणंद म्हणाली. "छान ऊब आलीय बघ."

दुसरा फटका खांद्यावर बसला.

नियम दोघींनीच केला होता, घरी भांडी विसळताना. इतक्या उंचीवर मेंदूला प्राणवायू पुरत नाही. थंडी उबदार वाटू लागते, माणूस हसतमुखाने बसतं आणि तसंच गोठतं. समजावून उपयोग नसतो. म्हणून बसेल तिला मारायचं, उभी राहीपर्यंत. गिर्यारोहण क्लबातले पुरुष यावर पोट धरून हसले होते. एका दोराला नणंद-भावजय! शिखर येईपर्यंत डोक्यावर केस तरी उरतील का?

नणंद उठली, थोडी चालली, पुन्हा बसली. वहिनीने बुटाचे काटे तिरके करून लाथ घातली.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," नणंद पुटपुटली आणि हसली. हसताना ओठ फाटला. "घरी कधी आवाजसुद्धा चढवला नाहीस गं."

"घरी तुम्ही वेळेवर उठता."

त्यानंतरच्या उतारावर नणंदेने दातांनी हातमोजा काढला आणि कमरेची गाठ सोडायला घेतली. तू जा, म्हणाली. मी येते मागून.

वहिनीचं डोकं फिरलं. तिने मूठ आवळून नणंदेच्या तोंडावर ठोसा मारला. नाकाचं हाड मोडलं ते हाताला कळलं. नणंद थुंकली, त्यात दात होता. वहिनीने दुसरा मारला. नणंद धडपडत उभी राहिली, तरी आणखी मारला. बर्फावर रक्ताचे थेंब पडले ते लगेच काळपट घट्ट झाले.

"तू मेलीस तर तुझ्या भावाला काय सांगू मी?" वहिनी ओरडली. "चल, सटवे."

पुढचा कडा कसा उतरला, उजेड कधी गेला, तिला आठवत नव्हतं. तंबूची पिवळी कड तेवढी आठवत होती.

इस्पितळात दोघींचे पलंग शेजारी शेजारी होते. वहिनीचा नवरा आला तो आधी बहिणीपाशी थांबला. तिचं नाक गालांत बुडालं होतं, डोळे नुसत्या चिरा. ती झोपली होती की नाही, कळत नव्हतं. मग तो बायकोकडे आला.

"इथल्या लोकांना ही पडले म्हणाली. पडून असं होतं?"

"मी मारलं."

त्याने पुन्हा बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं.

"नियमानेच मारलं," वहिनी म्हणाली. "शेवटचे तेवढे नाही. ती उभी राहिली होती, तरी मारलं. ते रागाने." तिने पट्ट्या बांधलेले हात चादरीखाली घेतले. "माझा पलंग दुसरीकडे हलवायला सांगा. जाग आल्यावर तिला माझं तोंड बघायला नको. आता माझ्याबरोबर दोराला नाही यायची ती."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. फुप्फुसात पाणी झालंय का, ऐकायचं होतं. त्यांनी वहिनीला पुढे वाकायला लावलं, सदरा मागून वर केला आणि नळी हातात तशीच धरून थांबल्या. नवरा वाकून पाहू लागला.

खांद्यांपासून कमरेखालपर्यंत दांड्याच्या रुंदीचे वळ होते. एकावर एक, कातडीचा मूळ रंग दिसू नये इतके.

"हे कधी लागलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काय लागलं?" वहिनीने मान वळवून पाहिलं. स्वतःची पाठ दिसेना. "मला कुठे काय? मी तर एकदाही बसले नाही. हीच बसायची."

नवऱ्याने बहिणीकडे पाहिलं. ती जागी होती. तिने उशीवरच मान किंचित हलवली, नाही म्हणून.

"नाहीच बसलीस," ती फुटक्या ओठांतून म्हणाली. "मी उगाचच मारलं. नणंद आहे ना."