एकतीस तारखांचा पास

कंडक्टरांनी तीस वर्षांत बसमधली एक सीट रिकामी जाऊ दिली नव्हती. निवृत्त झाले म्हणून खोड थोडीच जाते? परगावची लेक फोनवर म्हणाली, "पुढच्या महिन्यात दोन दिवस येतो. कधी ते रजा मिळण्यावर आहे." मागून चार वर्षांची नात ओरडली, "आजोबांबरोबर मोठ्या पाळण्यात बसायचं!"

झालं! कंडक्टरांनी करमणूक बागेचा जोडीचा वार्षिक पास काढला. लहान मूल पासवाल्याबरोबर फुकट. मात्र पास असला तरी यायची तारीख आधी धरावी लागे. मग सीटवर रुमाल टाकावा तशा महिन्याच्या एकतीसच्या एकतीस तारखा आगाऊ धरून ठेवल्या.

"अहो, हावरटपणाला काही सीमा?" आजी म्हणाल्या.

"तुला बुकिंगमधलं काय कळतंय!"

त्यांना तरी कुठे कळलं होतं? धरलेल्या तीन तारखा चुकल्या, की पास वर्षभर बंद. तारीख सोडावी, तर दुसरा कोणी लगेच झडप घालणार, आणि नात नेमकी त्याच दिवशी दारात उभी राहणार. दोघांपैकी एकाची हजेरी पुरत होती, पण आजींनी हात झटकले. "खड्डा तुम्ही खणलात, उड्याही तुम्हीच मारा."

मग रोज सकाळी डबा घेऊन कंडक्टर बागेत. ऊन असं, की घसरगुंडीवरून सोडलेलं पाणी खाली पोचेपर्यंत त्यात चहा व्हावा. एकदा चपला डांबराला चिकटून राहिल्या आणि हे अनवाणीच पुढे गेले. दहाव्या दिवशी ताप भरला, तरी गेले. पाळण्यात मात्र बसले नाहीत. तो नातीसाठी राखलेला.

"आजोबा, पगार किती देतात इथे?" गेटवरचा रखवालदार रोज विचारायचा. कंडक्टर दात-ओठ खात आत जायचे. शेवटी शेवटी गेटवरचं चेहरा ओळखणारं मशीनही त्यांना बघून घुटमळायला लागलं होतं.

सव्वीस तारखेच्या संध्याकाळी लेक नातीला घेऊन आली. परतीची गाडी अठ्ठावीसच्या पहाटेची. सत्तावीसला लेक घरी थांबली आणि आजी-नातीला घेऊन कंडक्टर सगळ्यांच्या आधी गेटवर हजर. मशीनपुढे तोंड धरलं. लाल दिवा. चष्मा काढला. लाल. हसून पाहिलं. पुन्हा लाल. पासावरच्या फोटोत होता गुबगुबीत गृहस्थ, आणि समोर उन्हाने भाजलेलं, वाळलेलं चिपाड.

"अरे, महिनाभर रोज बघतोयस ना मला?"

"मी ओळखतो हो!" रखवालदार म्हणाला. "पण दार मशीन उघडतं, आणि आजची तिकिटंही संपलीत. फोटो बदलून घ्या."

"काढ मग फोटो!"

"त्याला आगाऊ वेळ घ्यावी लागते. आहे एक मोकळी. पंधरा दिवसांनी."

तेवढ्यात आजींनी पदर सारखा करून मशीनपुढे तोंड नेलं. महिनाभर पंख्याखाली जपलेलं तोंड ते. हिरवा दिवा चटकन लागला.

"आजोबा, चला ना!" नात हात ओढत म्हणाली.

"जा बाळा, आजीबरोबर जा."

त्या दोघी आत गेल्या तसे कंडक्टर कुंपणाच्या गजांना धरून ओरडले, "डावीकडची रांग धर गं! उजवीकडची सरकत नाही!"

"कळतं मला!" म्हणत आजी उजवीकडे गेल्या.

तासाभराने पाळणा वर चढला. सगळ्यात उंच टोकाला नात उभी राहून जोरजोरात हात हलवत होती, तिकीटखिडकीपाशी उभ्या असलेल्या कुणा भलत्याच टकल्या म्हाताऱ्याला.

"अगं, इकडे! मी इकडे आहे!" कंडक्टर गजांवर चढून ओरडले. तोवर पाळणा पलीकडे उतरला होता.