पुढे दिलेला पेला

जयसिंगने डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाला धरला आणि वर उचलला. लुळा पडलेला हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच लोंबकळत राहिला.

"काका, डावा चालेल," पास्टर चेतन हळूच म्हणाला. "देव हात बघत नाही, मन बघतो."

"मग हात वर कशाला करायचा?" मैनाने दारातून विचारलं. तिच्या हातात चहाचा ट्रे होता.

"आई," संतोष दबक्या आवाजात म्हणाला, "प्लीज."

पास्टर हसला. तिशीच्या आतबाहेरचा पोरगा, जीन्सची पँट, इस्त्रीचा शर्ट. पूर्वी तो संतोषच्याच कंपनीत कॉम्प्युटरवर बसायचा, आता नोकरी सोडून प्रभूचं काम करत होता. हिंजवडीच्या बाजूला एका हॉटेलचा हॉल घेऊन त्यांची मंडळी भरायची. संतोष दर रविवारी मोटरसायकलवरून बिबवेवाडीहून तेवढ्या लांब जायचा. घराजवळचं बापजाद्यांचं ख्रिस्ती देऊळ सोडून माणूस इतकं पेट्रोल का जाळतो, हे मैनाला कधी उमगलं नव्हतं.

"माझ्या मागून म्हणा, काका," पास्टर म्हणाला.

जयसिंग मागून म्हणत गेला. झटक्यानंतर त्याची जीभ जड झाली होती, शब्द तोंडात भिजल्यासारखे यायचे. मी पापी आहे. तू माझ्यासाठी मेलास. माझ्या हृदयात ये. चार-पाच वाक्यं. ट्रेमधल्या चहावर साय धरायच्या आत सगळं आटोपलं.

"झालं," पास्टरने जयसिंगच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. "काका, आजपासून तुमचं तारण पक्कं. तुमचं नाव वर लिहिलं गेलं. आता कोणी म्हणजे कोणी ते खोडू शकत नाही. काही करायचं राहिलेलं नाही."

"काही नाही?" जयसिंगने विचारलं.

"काहीच नाही."

जयसिंगने डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांतून पाणी गालावर आलं. कित्येक दिवसांनी त्याचा चेहरा सैल पडलेला मैनाने पाहिला. तिने ट्रे टिपॉयवर ठेवला आणि वाट पाहत उभी राहिली. आता शर्टाच्या खिशातून पावतीपुस्तक निघेल, असं तिला वाटत होतं. एवढं गोड बोलणारा माणूस फुकट जात नाही. पण पास्टरने चहा घेतला, आपल्या पिशवीतून पेशंटसाठी आणलेली चार मोसंबी काढून ठेवली आणि निघून गेला. पावतीपुस्तक निघालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. निदान संशयाला धरायला खुंटी मिळाली असती.

त्या रात्री जयसिंग घोरत झोपला. मैना जागी होती.

आजारपणाच्या आधीपासून तो असा झोपत नव्हता. पिंपरीच्या कारखान्यात असताना झालेली गोष्ट. बाहेरच्या देशातून संगणकावर चालणारं नवं मशीन आलं होतं. एका संध्याकाळी जयसिंग घरी आला, हातपाय न धुता मोरीपाशीच बसला आणि म्हणाला, "आज मशीन माझ्या हातून मोडलं." पुढे कारखान्यात चौकशी बसली. त्या वेळी मशीनवर कोण होतं, हे साहेबांनी विचारलं, तेव्हा जयसिंगने बरोबर काम करणाऱ्या कचरूचं नाव सांगितलं. कारखान्याला माणसं कमी करायचीच होती, त्यांना कोणाचं तरी नाव हवं होतं. कचरू घरी बसला. मग कुठल्याशा काचेच्या इमारतीच्या फाटकावर वॉचमन म्हणून उभा राहिला. जयसिंग पुढे सुपरवायझर झाला. त्याच पगारावर संतोषचं कॉम्प्युटरचं शिक्षण झालं. मैनाने यातलं एक अक्षरही कधी तोंडातून काढलं नाही. पण मोरीपाशी बसलेला जयसिंग तिने पाहिला होता. एकात एक मिळवायला शाळा लागत नाही.

कचरू आणि जयसिंग एकाच देवळात जायचे. दोघांचे बापही त्याच देवळात जात होते. तिथे जुनी पद्धत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा पेला, आणि आदल्या शनिवारी संध्याकाळी तयारीची उपासना. त्या उपासनेत पाळकसाहेब चष्मा काढून सगळ्यांकडे पाहायचे आणि म्हणायचे, "कोणाचं कोणाशी वाकडं असेल त्याने आत्ता उठावं. बाहेर जाऊन मिटवून यावं. मिटलं नाही तर उद्या पेल्याला हात लावू नये." मग बाकांवरून दोघं-चौघं खाली मान घालून उठायचे आणि आवारातल्या चिंचेखाली जाऊन उभे राहायचे. एकदा नंदाबाई आणि मंदाकिनी कोंबडीवरून भांडल्या होत्या. आत गायन संपत आलं तरी चिंचेखालचा आवाज संपेना. शेवटी दोघी डोळे पुसत आत आल्या.

"मिटलं का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मिटलं," नंदाबाई म्हणाली, "पण कोंबडी माझीच होती."

देऊळभर हशा पिकला. पण दुसऱ्या दिवशी दोघी एका बाकावर बसून प्याल्या.

जयसिंग कधी चिंचेखाली गेला नाही. कारखान्याच्या त्या चौकशीनंतर शनिवारी तो घराबाहेरच पडेनासा झाला. रविवारी मात्र यायचा, मागच्या बाकावर बसायचा. द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचं तबक हातोहात त्याच्यापर्यंत आलं की तो ते दोन्ही हातांनी घ्यायचा आणि पेला न उचलता शेजारच्याला द्यायचा. दर महिन्याला. वर्षानुवर्षं. बायकांच्या बाजूने मैना ते पाहायची. नवरा चौकशीत खोटं बोलला होता, पण पेल्याशी खोटं बोलला नव्हता. एवढ्या एका गोष्टीवर तिने त्याच्याशी संसार ओढला होता.

आणि झटका आल्यावर, दवाखान्यातून घरी आणल्यावर, तो एका दुपारी म्हणाला होता, "मैना, कचरूला बोलावशील?"

ती त्याच रविवारी देवळाच्या फाटकात कचरूसमोर जाऊन उभी राहिली. "त्यांनी बोलावलंय, कचरूभाऊ."

कचरूने टोपी काढून पुन्हा घातली. "बघतो, वहिनी," एवढंच म्हणाला. एक रविवार गेला, दुसरा गेला. कचरू आला नाही. पास्टर चेतन आला.

पुढच्या खेपेला पास्टर एकटाच आला होता. संतोष कामावर होता. मैनाने त्याला स्वयंपाकघरात बोलावून पाटावर बसवलं.

"एक विचारू का?"

"विचारा ना, काकू."

"एखाद्याने दुसऱ्याच्या पोटावर पाय दिला असेल, तर त्याचं काय?"

"क्रुसावर मिटलं, काकू. आपण पश्चात्तापाची प्रार्थना केली की देव ते आठवतसुद्धा नाही."

"देव नाही आठवणार. तो मोठा आहे. पण ज्याच्या पोटावर पाय पडला, त्याला आठवतं ना?"

पास्टर पाटावर थोडा पुढे सरकला. त्याचा आवाज मऊ झाला. "काकू, काका शांत झालेत, ते तुम्हाला दिसतंय ना? त्यांच्या मनात आता शंका घालू नका. शंका कुठून येते माहीत आहे? सैतानाकडून येते."

मैनाने पोळीचं पीठ मळायला घेतलं. "आमच्या वेळी शनिवारी यायची," ती म्हणाली. "पाळकसाहेबच घेऊन यायचे."

पास्टरला ते समजलं नाही. तो मनमोकळं हसला. या पोराच्या मनात काळंबेरं नाही, हे त्या हसण्यावरून तिला पुरतं कळून चुकलं, आणि तिची धास्ती वाढली. चोर असता तर दाराला कडी लावता आली असती.

कचरू आला तो गुरुवार होता. धुतलेला सदरा, डोक्याला तेल, हातात पेरूंची पिशवी. दारातच थबकून देवळातल्या रीतीने म्हणाला, "सलाम, वहिनी."

"सलाम. या, आत या."

जयसिंग उशीला टेकून बसला होता. कचरूला पाहून तो दचकेल, मान खाली घालेल, असं मैनाला वाटलं होतं. तो हसला. अर्ध्या चेहऱ्याने हसला, पण पोटातून हसला.

"ये, कचरू, बस. माझं तारण झालं."

कचरू खुर्चीच्या कडेवर बसला. पिशवी त्याने मांडीवरच धरून ठेवली.

"मला बोलावलं होतंस म्हणे."

"बोलावलं होतं. तेव्हा जीव घाबरा व्हायचा रे. मनात काहीबाही यायचं." जयसिंग थांबून थुंकी गिळत, एक एक शब्द जुळवत बोलत होता. "आता नाही येत. प्रभूने सगळं धुऊन टाकलं. सगळं. काही राहिलं नाही."

खाली रस्त्यावर रिक्षा रिव्हर्स घेताना तिची शिट्टी वाजत राहिली. 

"चांगलं झालं," कचरू म्हणाला.

"तूपण ये. पास्टर फार चांगला आहे. एकदा हात वर केला की झालं."

"माझा हात वर करून काय होणार?" कचरू म्हणाला. "मी फाटकावर दिवसभर वरच करतो. गाड्यांना."

जयसिंगला ती गंमत वाटली. तो हसत राहिला. कचरूने पेरू टिपॉयवर ठेवले, एक जमिनीवर घरंगळला तो उचलून पुसला आणि पुन्हा वर ठेवला. मग उठला. त्याने जयसिंगचा निर्जीव उजवा हात उचलून आपल्या हातात धरला आणि चादरीवर परत ठेवला.

मैना जिन्यापर्यंत त्याच्यामागे गेली.

"दोन रविवार यायला झालं नाही, वहिनी," तो पायऱ्यांकडे बघत म्हणाला. "मनाची तयारी होत नव्हती. आज घरून ठरवून निघालो. त्याने तोंड उघडलं की 'असू दे' म्हणायचं." त्याने टोपी घातली. "त्याने जागाच ठेवली नाही."

मैना कठड्याला धरून पुढे झाली. तोपर्यंत तो खालच्या वळणावर पोहोचला होता.

पुढच्या रविवारी दुपारी पास्टर चेतन घरीच प्रभुभोजन घेऊन आला. सोबत गिटारवाला मुलगा आणि संतोषच्या ऑफिसातली साई नावाची एक मुलगी होती. पलंगाभोवती खुर्च्या मांडल्या. एक गाणं झालं. पास्टरने भाकर मोडली, सगळ्यांना दिली. मैनाने आपला तुकडा तळहातावर तसाच ठेवला. मग पेल्यांचं प्लॅस्टिकचं तबक निघालं. पहिला पेला जयसिंगचा. त्याने डाव्या हाताने तो उचलला, कोणाकडे न पाहता ओठांना लावला आणि प्याला. इतक्या वर्षांनी. हनुवटीवर ओघळ आला तो संतोषने रुमालाने टिपला. संतोष रडत होता.

तबक मैनाकडे आलं.

तिने ते दोन्ही हातांनी घेतलं. पेल्यांवर नजर टाकली आणि शेजारी बसलेल्या साईच्या हातात दिलं.

"काकू, तुमचा राहिला," पास्टर म्हणाला.

"राहू दे."

"का? काकू, तुमचंही तारण..."

"आमच्यात आदल्या दिवशी बाहेर जाऊन यायची पद्धत आहे," मैना म्हणाली. "माझं जायचं राहिलंय. त्या नोकरीचं मीही खाल्लंय."

खोलीत कोणाला काही उलगडलं नाही. जयसिंगला उलगडलं. तो तबकाकडे बघत होता. दोन हातांनी घेतलेलं, न उचलता पुढे गेलेलं तबक. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच होतं, फक्त ते आता कोणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखं दिसत होतं. रिकामा पेला त्याने मुठीत घट्ट धरला होता. साईने तो परत घ्यायला हात पुढे केला, तरी त्याने सोडला नाही.

मैनाने भाकरीचा तुकडा पदराच्या टोकाला बांधला. उठली.

"कुठं?" जयसिंगने विचारलं.

"कचरूभाऊंकडे."

कोणी काही म्हणायच्या आत ती बाहेरच्या जिन्यात येऊन चपला शोधू लागली. आत पास्टरने काहीतरी सांगितलं, गिटार पुन्हा सुरू झाली. दोन ओळी वाजली असेल नसेल, मध्येच थांबली.

"पप्पा," संतोषचा आवाज आला. "अहो पप्पा, उठू नका. पडाल. पप्पा, काय पाहिजे, मला सांगा ना!"

मैना पायऱ्यांपाशी उभी राहिली. आतून पलंग करकरला. काठी फरशीवर पडली, कोणीतरी ती उचलून दिली असावी, कारण मग ती टेकल्याचा आवाज आला.

जयसिंगच्या चपला कोपऱ्यात होत्या. दवाखान्यातून आणल्यापासून त्यांना कोणी हात लावला नव्हता. मैनाने वाकून त्या उचलल्या, एकमेकींवर आपटून धूळ झाडली, आणि जिन्याकडे तोंड करून दारासमोर ठेवल्या.