उघड्या नळीचा आवाज

सईयाने बंदुकीच्या नळीचं टोक फडक्याने पुसलं आणि तो वीतभर लांबीचा काळा सायलेन्सर आट्यांवर फिरवत घट्ट बसवला. टेबलापलीकडे तिचे वडील एव्हर्ट कॉफीत साखर ढवळत होते. साखर केव्हाच विरघळली होती.

दाराबाहेर पायरीपाशी तुइस्कू पाठ करून झोपली होती. करड्या केसांची, सहा वर्षांची शिकारी कुत्री. उद्या सकाळी तिला संपवायचं होतं. हे एव्हर्टनी स्वतःच ठरवलं होतं, कारण आपलं कुत्रं दुसऱ्याच्या हातून मारवायचं नाही, असं ते मानत. दोनदा ती हाकेला आली नव्हती. मागच्या रविवारी तर थेट रस्त्यावर गेली आणि ओंडके नेणाऱ्या ट्रकला करकचून ब्रेक लावावा लागला. शिकारी मंडळाच्या ओस्मोने नरमाईनेच सांगितलं होतं, की असं हट्टी कुत्रं रानात सोडता येत नाही. दोन आठवड्यांनी मूसच्या, म्हणजे घोड्याएवढ्या रानटी हरणांच्या, शिकारीचा हंगाम सुरू होणार होता.

सईयाने त्या बेताबद्दल अवाक्षर काढलं नाही. ती सायलेन्सरबद्दलच बोलत राहिली. गोळी सुटते तेव्हा तिच्यामागून तापलेला वायू एकदम बाहेर फुटतो, तोच खरा धमाका. या सायलेन्सरमध्ये एकामागोमाग एक कप्पे आहेत. वायू त्यांत अडकत, फिरत, निवत बाहेर येतो. खांद्याला धक्का कमी बसतो, शेजाऱ्यांच्या घोड्या बुजत नाहीत.

"म्हणजे सिनेमातल्यासारखी फुसकन उडणार," एव्हर्ट म्हणाले.

"कुठली फुसकन? गोळी आवाजाच्या पुढे पळते, तिचा कडाका राहतोच. मोटारसायकलला सायलेन्सर असतो म्हणून ती मुकी होते का, बाबा?"

एव्हर्टना हसू आलं, पण त्यांनी ते कपात बुडवलं. त्यांचे वडील उघड्या नळीने शिकार करत. किती बार झाले ते मोजून गावातल्या बायका पातेलं चुलीवर चढवत. एव्हर्टही तसेच करत आले होते. फक्त स्वतःच्या कानांवर ते जाड कानझाकण्या घालत. गुरुवारच्या प्रार्थनेत वरचा सूर लावायचा तर कान शाबूत हवेत.

"आधी तो काढ," ते उठत म्हणाले. "माझी बंदूक मला एकदा तिच्या आवाजात ऐकू दे."

घरामागे मातीचा उंचवटा होता, त्यावर कागदी निशाण. दोघांनी कानझाकण्या चढवल्या. एव्हर्टनी नेम धरला आणि बार काढला.

बर्चच्या झाडावरचे मॅगपाय पक्षी एकदम उडाले. कुंपणापलीकडची घोडी कान मागे टाकून चौखूर पळाली. गोठ्याच्या खिडकीची काच थरथरत राहिली. एव्हर्टनी बंदूक खाली घेतली आणि सवयीने पायरीकडे पाहिलं.

तुइस्कू झोपली होती. तिचं पोट संथ वरखाली होत होतं. कान हलला नव्हता.

"बघा, किती धीट," सईया म्हणाली, आणि मग तिची नजर वडिलांच्या कानांवरच्या झाकण्यांकडे वळली.

एव्हर्टनी कानझाकण्या काढून हातात धरल्या. पाच हंगाम. तुइस्कू भुंकून भुंकून मूसला एका जागी उभं धरायची. ते झाडांआडून सरकत जायचे, आणि ती नळीच्या पुढे असायची. कधी वीस पावलांवर, कधी दहाही नाही. त्यांच्या कानांवर या झाकण्या. तिच्या कानांवर काहीच नाही.

गुरुवारी घरात भजनं चालत तेव्हा ती बाकाखालून नाक वर करून लांबलचक सूर लावायची. बायका पदराआड हसाव्यात तशा रुमालाआड हसत. प्रवचनकार म्हणत, हिचा सूर ओस्मोपेक्षा बरा. गेल्या हिवाळ्यापासून ती गप्प बसायची. ती आता शहाणी झाली, असं त्यांनी किती जणांना कौतुकाने सांगितलं होतं.

सईयाने सायलेन्सर लावून दुसरा बार काढला. जाड पुस्तक मिटावं तसा आवाज, आणि रानावरून चाबूक गेल्यासारखा कडाका. परतलेल्या घोडीने मान वर केली आणि पुन्हा गवतात घातली.

एव्हर्टनी निशाणाकडे पाहिलं नाही.

"तुझ्याकडे तिचं पिल्लू आहे," ते म्हणाले. "त्याला रानात नेशील तेव्हा तो सायलेन्सर काढायचा नाही. पाऊस असो, जड वाटो. काढायचा नाही."

"नाही काढणार."

"आणि तरीही दहा पावलांवरून बार काढायचा नाही."

"बरं, बाबा." तिने बंदूक रिकामी केली. "ओस्मोकाकांना उद्याचं काय सांगू?"

"दोरीला धरून फिरायला नेणार आहे म्हणावं."

ते पायरीकडे निघाले. तिला हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. वळसा घालून तिच्या समोरून गेले, ओल्या गवतात गुडघे टेकले आणि हात तिच्या नाकापुढे धरला. तिने डोळे उघडले, शेपटी जमिनीवर दोनदा आपटली. एव्हर्टनी तिचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं आणि गुरुवारचं पहिलं भजन छाती घुमेल अशा खालच्या, जाड सुरात धरलं.

पहिली ओळ तशीच गेली. दुसऱ्या ओळीला हाताखाली तिचं नाक हळूहळू वर जाऊ लागलं.