जबडा

चेहरा दिसत नसला तरी ब्रिओनीने टालेईला चालीवरून ओळखलं. पाऊल टाकताना डावा खांदा आधी पुढे काढायची तिची जुनी सवय. सभागृहाबाहेरच्या फरशीवर, ब्रिस्बेनच्या ऐन उन्हाळ्यातल्या, जानेवारीच्या भाजून काढणाऱ्या उन्हात, फोमचा अगडबंब खाडीराक्षस होऊन ती येऊन उभी राहिली होती आणि राक्षसाबरोबर फोटो काढायला लोकांची रांग लागली होती.

ब्रिओनी स्वतः गंजलेल्या चिलखतातली सरदारीण होऊन आली होती. थोड्याच वेळात पोशाखांची स्पर्धा होती. ती सावलीत एका खांबाला टेकून त्या राक्षसाकडे बघत होती आणि मनातल्या मनात जळत होती.

एके काळी दोघी ब्रिओनीच्या गॅरेजमध्ये मिळून पोशाख करायच्या. हनुवटी हलवली की राक्षसाचा जबडा उघडावा, ही युक्ती ब्रिओनीची. तिने ती टालेईला शिकवली, आणि गेल्या वर्षी त्याच जबड्यावर टालेईने पहिलं बक्षीस नेलं. स्टेजवर आईचं नाव घेतलं, भावाचं घेतलं, ब्रिओनीचं नाही. तेव्हापासून बोलणं बंद होतं. आज सकाळी कपडे बदलायच्या खोलीत ब्रिओनीला राहवलं नाही. "जबडा उघडतो ना नीट? की तेवढं शिकायचं राहिलं?" असं ती सगळ्यांदेखत म्हणाली. टालेई पंजे चढवत राहिली. जोने नावाचा तिचा भाऊ मात्र वळून बघत राहिला होता.

आता जोने कुठे दिसत नव्हता. अशा पोशाखातल्या माणसाला बाजूचं काही दिसत नाही, म्हणून हात धरून चालवायला कुणीतरी लागतं. तो पाणी आणायला गेला असावा.

राक्षसाने दोन्ही पंजे उचलले आणि स्वतःच्या डोक्यावर आपटले. दोनदा. मग पुन्हा दोनदा. रांगेतले लोक हसले. एका पोराने तशीच नक्कल केली.

ही खूण ब्रिओनी आणि टालेईची होती. आत बसलेल्याचा आवाज बाहेर येत नाही, म्हणून गॅरेजमध्ये ठरवलेली: मला बाहेर काढ.

तरी ती हलली नाही. जबडा घेतला, आता खूणही टाळ्यांसाठी घेतली हिने, असं तिच्या मनात आलं. राक्षस गुडघ्यावर बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो एका कुशीवर कलंडला, तेव्हा टाळ्या आणखी वाढल्या.

पडताना टालेईने शेपटी सावरली नाही. कितीही नाटक करायचं असलं तरी ती शेपटी मोडू देणारी नव्हती.

ब्रिओनी धावली. जबड्यात बोटं घालून ओढलं, पण तो अडकून बसला होता. आतून हवेसाठी बसवलेल्या छोट्या पंख्याची घरघर ऐकू यायला हवी होती, ती नव्हती. पाठीवरची चेन काट्यांच्या पट्टीखाली चिकटवून टाकलेली. ती तशीच उठली, दारापाशी पोशाख दुरुस्त करून देणाऱ्यांचं टेबल होतं तिथून कटर उचललं आणि परत आली.

"ओ मॅडम, लांब व्हा," सुरक्षारक्षक आडवा आला. "हातात काय आहे ते?"

"आत माणूस बेशुद्ध पडलंय. डॉक्टरला बोलवा."

"ॲक्टिंग चाललीय हो त्यांची."

"मग उठवून दाखवा."

तो वाकला, हाक मारली, खांदा हलवला. राक्षस हललाच नाही. तो वायरलेसवर बोलू लागला आणि ब्रिओनीने मानेखाली पातं घातलं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अरे, ही तीच ना, सकाळी भांडत होती ती?" मोबाइल वर झाले.

तेवढ्यात जोने आला. हातातल्या बाटल्या टाकून त्याने तिचं मनगट पकडलं. "काय करतेस तू? आठ महिने राबलीय ती. इतका राग?"

"पंजा काढ तिचा. हात बघ आधी."

त्याने पंजा ओढून काढला. टालेईचा हात त्याच्या हातात ओल्या फडक्यासारखा लोंबला. त्याने ब्रिओनीचं मनगट सोडलं आणि काट्यांची पट्टी दोन्ही हातांनी धरून ताणली. "काप," तो म्हणाला.

मानेपासून कमरेपर्यंत तिने फोम उभा चिरला. आतून भट्टीसारखी वाफ आली. टालेईचा चेहरा बिटासारखा लाल होता आणि घामाचा टिपूस नव्हता. जोनेने खाली पडलेल्या बाटल्या उचलून तिच्या डोक्यावर रिकाम्या केल्या. प्रथमोपचारवाले बर्फ घेऊन पोचले तेव्हा ती श्वास घेत होती, पण शुद्धीवर नव्हती.

प्रथमोपचाराच्या खोलीत टालेईने डोळे उघडले तेव्हा स्पर्धा सुरू झाली होती. ब्रिओनीचं नाव दोनदा पुकारून पुढचं घेतलं गेलं होतं. ती चिलखतासकट खाटेपाशी बसून टालेईच्या मानेखाली बर्फाची पिशवी धरून होती. रुग्णवाहिका वाटेवर होती, आणि जोने दाराबाहेर आईला फोनवर समजावत होता.

"कापलास?" टालेईने विचारलं.

"हो."

"शिवणीवरून?"

"शिवण शोधत बसायला वेळ नव्हता."

टालेईच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात गेलं. ते तिने पुसलं नाही.

"पंखा कधी बंद पडला?" ब्रिओनीने विचारलं. "कुणाला सांगायचंस ना."

"जबडा अडकला होता. फटीतून ओळखीची एकटी तूच दिसत होतीस. खांबाला टेकलेली." ती थांबून श्वास घेत बोलत होती. "खूण तुलाच केली होती. दुसऱ्या कुणाला कळणार होती ती?"

ब्रिओनीने बर्फाची पिशवी मानेखाली सरकवली.

"तू बघत होतीस माझ्याकडे. मग इतका वेळ का लावलास?"

खोटं सांगता आलं असतं. गर्दी होती, ऊन डोळ्यांवर होतं.

"मला वाटलं, नाटक करतेयस," ब्रिओनी म्हणाली. "रागात होते मी."

"वाटलं असेल," टालेई म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले. ब्रिओनी उठायला लागली, तशी ती डोळे न उघडताच म्हणाली, "पिशवी सरकतेय. नीट धर."