सिद्धेश्वर चौपाटी : लाटा व हवामान

रविवार, ११ मे २००३. लाट : नाही. वारा : नाही. आभाळ : कोरं. पाणी : कोमट. सल्ला : पोहायला हरकत नाही. ऊन फार आहे, वयस्कर माणसांनी सावलीत बसावं.

हे बाने लिहिलं तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. बा एकसष्ट वर्षांचा होता आणि फळा उन्हात होता.

मी सुट्टीत तांड्यावर आले होते. त्या दिवशी त्याच्यामागून सिद्धेश्वर धरणाच्या काठापर्यंत गेले, कारण घरात याडीने, म्हणजे माझ्या आईने, शेण कालवायला घेतलं होतं आणि हिंगोलीत कॉलेजला शिकवणाऱ्या मुलीला त्या कामातून सुटायला एखादं थोर कारण लागतं. बाने आधी कालचा मजकूर ओल्या फडक्याने पुसला. फळा वाळेपर्यंत पाण्याकडे बघत उभा राहिला. मग तोच मजकूर पुन्हा लिहिला.

"बा, कालचंच तर आहे सगळं. पुसतोस कशाला?"

"तारीख बदलली ना," तो म्हणाला.

गेले सतरा दिवस तेच चाललं होतं. लाट नाही, वारा नाही. पाण्यावर पान पडलं तर पडल्या जागी राहील अशी हवा. तरी रोज सहाला उठून, पागोटं बांधून, फर्लांगभर चालून बा जाहीर करून यायचा, की काही होणार नाही.

परत येताना त्याने विचारलं, "कालिजात फळा असतोच ना तुझ्याबी?"

"असतो."

"मग रोज पुसतीच की तू."

मी हसले. तो आमचा शेवटचा संवाद होता असं म्हणायला बरं वाटलं असतं, पण त्यानंतर दिवसभर आम्ही पंख्याच्या कंडेन्सरबद्दल बोललो.

आमची दोघांची बोलायची भाषा गोरमाटी, बंजाऱ्यांची. इथे मी ती मराठीत लिहिते आहे. बाची मराठी धरणावर चौकीदारी करताना तयार झालेली होती. तीन वर्षांपूर्वी नोकरी संपली तरी ती मराठी आणि फळा दोन्ही राहिले. फळा मात्र नोकरीचा भाग कधीच नव्हता. तो माझ्यामुळे सुरू झाला, आणि ही गोष्ट त्याबद्दल आहे.

१९९५ साली मी परभणीला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. खोलीतली मैत्रीण संगिता, नांदेडची, वडील डॉक्टर, मे महिन्यात चार दिवस आमच्याकडे राहायला आली. मी तिला आधीच बजावलं होतं की आमचं घर साधं आहे. बाबद्दल काही बजावलं नव्हतं. संध्याकाळी बा ओट्यावर रेडिओ लावून बसला. बातम्यांनंतर कोकण किनाऱ्यावरच्या मच्छिमारांसाठी सूचना लागायची. समुद्रापासून इतक्या लांब राहणारा, समुद्र कधीही न पाहिलेला माझा बाप ती कान देऊन ऐकायचा. मग अंगणातून जाणाऱ्या सटवाजी भोयाला हाक मारून सांगायचा, "सटवाजी, समुद्र शांत राहील म्हणतात."

"बरं झालं बाबूभाऊ," सटवाजी म्हणायचा. "मला रत्नागिरीची लई काळजी लागून राहिली होती."

संगिता ओढणीत तोंड लपवून हसली. ती सटवाजीच्या बोलण्यावर हसली असेल. मला वाटलं, बावर हसली. आणि एकोणीस वर्षांच्या वयात, आपल्या बापावर कुणी हसत असेल तर आपण त्याच्याहून आधी आणि त्याच्याहून मोठ्याने हसावं, म्हणजे आपण त्या बाजूचे ठरतो, असा माझा हिशेब होता.

कॉलेजच्या वाचनालयात मुंबईचा इंग्रजी पेपर यायचा. त्यात समुद्रकिनाऱ्यांचा अंदाज असे. आज लाटा किती, वारा कुठला, आभाळ कसं, पोहणाऱ्यांना सल्ला काय. मी वहीचं पान फाडलं आणि वर ठळक अक्षरात लिहिलं : 'सिद्धेश्वर चौपाटी : लाटा व हवामान'. धरणाच्या डाव्या अंगाला वाळूची एक पट्टी आहे. उन्हाळ्यात वसमत-हट्ट्याकडची मंडळी तिथे डबे घेऊन येतात आणि तिला चौपाटी म्हणतात. खाली पाच रकाने आखले. सरकारी भाषेत, अगदी तळटीप देऊन. संगिता गादीवर लोळून हसली. मग मी तो कागद बाला नेऊन दिला.

"बा, असा नमुना असतो. मोठ्या शहरात किनाऱ्यावर रोज लावतात."

त्याने कागद दोन्ही हातांनी धरला. "रोज?"

"रोज."

"खाडा न्हाई?"

"खाडा कसा चालेल? लोकांच्या जिवाचा प्रश्न असतो," मी म्हणाले. संगिता दाराआड होती. तिचं हसू मला ऐकू येत होतं. बालाही येत असेल.

चौथ्या दिवशी आम्ही दोघी परभणीला जायला निघालो तेव्हा चौपाटीच्या तोंडाशी दोन बाभळीच्या मेढींवर डांबर फासलेला पत्रा उभा होता. त्यावर खडूने माझे पाच रकाने होते.

नंतरच्या सुट्ट्यांमध्ये मला कळत गेलं की बाने नमुना सुधारला आहे. लाट किती फूट, हे त्याला पटेना. फूट कुणाला कळतो, तो म्हणे. इथले भोई थर्माकोलच्या लादीवर बसून, हाताने वल्हवत जाळं टाकायला जातात. त्यांना कळेल असं माप पाहिजे. म्हणून त्याची मापं अशी होती : नाही. थर्माकोल हलेल. थर्माकोल पळेल. आणि सगळ्यात वरचं, आई आठवेल.

हा किस्सा मी स्टाफरूममध्ये सांगायची. चांगला सांगायची. 'आई आठवेल'पाशी थांबायचं, चहाचा घोट घ्यायचा, मग पुढे जायचं. नवीन कुणी रुजू झालं की जुने लोक म्हणत, आडे मॅडम, ते तुमच्या वडिलांच्या चौपाटीचं सांगा ना. पाहुण्या प्राध्यापकांना सांगितला, एका चर्चासत्रात जेवणाच्या रांगेत सांगितला. मी बरंच वाचलं आहे. माणूस आपल्या माणसांचं काय काय करतो हे पुस्तकांत मला लगेच दिसतं. स्टाफरूममध्ये दिसलं नाही. बाला मी कधी सांगितलं नाही की तो कागद थट्टा होती. आधी वाटलं, थोड्या दिवसांत कंटाळेल. मग वाटलं, आता इतक्या दिवसांनी काय सांगायचं. आठ वर्षं गेली.

सोमवारी पहाटे पागोटं बांधता बांधता तो खाली बसला. याडीने पाणी आणेपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय.

फळ्यावर रविवार राहिला. पुसायला कुणी गेलंच नाही. आणि हवामानानेही बाला खोटं पाडलं नाही. पुढचे बारा दिवस लाट नाही, वारा नाही, आभाळ कोरं. शहरातून लोक येत होते, फळा वाचून पाण्यात उतरत होते. पोहायला हरकत नाही, असं ज्याने लिहिलं होतं तो गेल्याचं त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.

आठव्या दिवशी सटवाजी आला. म्हातारा झाला होता तोही. याडीसमोर उकिडवा बसला, मग माझ्याकडे वळला.

"ताई, आमी सगळ्यांनी ठरवलंय. पक्का फळा करायचा. लोखंडी. महेबूब पेंटरला सांगितलंय औंढ्याच्या. तेराव्याला उभा करू."

"चांगलं आहे, काका."

"तुमाला तीन जूनचं ठाऊक असंल."

"कुठलं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "अठ्ठ्याण्णवचं. बाबूभाऊ बोलला न्हाई?"

बोलला असेल. मी ऐकलं नसेल. सटवाजीने सांगितलं. असंच शांत होतं त्या वर्षीही, पंधरा-वीस दिवस. सकाळी जाळी काढायला निघालेल्या भोयांनी फळा वाचला : 'लाट : आई आठवेल. दुपारनंतर. सल्ला : जाळं ऱ्हाऊ द्यावं, जीव आणावा.' वर आभाळ कोरं. सगळे हसले. सटवाजी सगळ्यांत जास्त हसला.

"मी म्हणलं, बाबूभाऊ, काहून भेव घालून राहिला? तर म्हणे, बगळे उठून गेले बाभळीवरून, पल्याड पाण्यावर काळी रेघ हाय. आन् म्हणे, माह्या लेकीनं सांगितलंय, लोकांच्या जिवाचा प्रश्न असतोय. त्ये तोंड बघून मी लादी पुना वर वढली. दुपारी असा वारा सुटला की पलीकडच्या दोघांच्या लाद्या मोडल्या. त्ये पवत आले. मला कुठं पवता येतं, ताई."

"भोई असून?" याडीने मध्येच विचारलं.

"लाज काढू नगा, मिराबाई. कुणालाच ठाऊक न्हाई."

याडी आठ दिवसांत पहिल्यांदा हसली. मी उठून आत गेले. चुलीपाशी काही काम नव्हतं.

शनिवारी, चोवीस तारखेला, तेराव्याचं जेवण उरकलं आणि सगळे काठावर गेले. तांड्यातली माणसं, भोयांची वीस-पंचवीस घरं, पोहायला आलेले काही अनोळखी. नवा फळा जुन्याच्या शेजारी उभा होता. हिरव्या रंगाचा, पांढऱ्या अक्षरांचा. महेबूब पेंटर स्टुलावर चढून शेवटची ओळ भरत होता. वर बाचं नाव, कै. बाबूसिंग आडे यांच्या स्मरणार्थ. मधे पाच रकाने, खडूसाठी मोकळे. खाली, थोड्या मोठ्या अक्षरात : 'संकल्पना : प्रा. दिपा आडे'.

"नाव बराबर आहे ना, मॅडम?" महेबूबने वरूनच विचारलं. "प्राध्यापिका पुरं लिहू? जागा है अजून."

"ती ओळ काढा, महेबूबभाई."

"क्यों? रंग ओला आहे, पण चांगला बसलाय."

"माझं नाव नको."

सटवाजी पुढे झाला आणि मागच्या लोकांकडे बघून म्हणाला, "बघा. बापावरच गेली. त्योबी असाच. पुढंपुढं करायचा न्हाई."

कुणीतरी 'व्हय' म्हणालं. एका बाईने पुढे येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला. मी पुन्हा म्हणाले, नाव काढा. त्यावर आणखी दोघांनी माना हलवल्या. मी नाही म्हणत गेले तशी मोठी होत गेले. गप्प राहिले असते तरी मोठीच झाले असते. समोर फळ्यावर माझं नाव वाळत होतं. तो रंग, महेबूब सांगत होता, पंधरा वर्षं हलणार नाही.

"ताई," सटवाजी म्हणाला, "तुमी कागद आणला नसता तर मी आज हितं नसतो. नाव ऱ्हाईल."

"काका, तो कागद मी चांगल्या मनाने आणला नव्हता."

"म्हंजी?"

"थट्टा केली होती."

तो हसला. "बाबूभाऊबी अशीच मस्करी करायचा, तोंड न हलवता."

लोकही हसले. याडी हसली नाही. तिने पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघू लागली. तिला बहुतेक तेव्हाच कळलं, किंवा फार आधी कळलं होतं. मला आजही विचारायचं धाडस झालेलं नाही. बारीकशी झुळूकही नव्हती. पलीकडे पोहणाऱ्यांचा आवाज स्पष्ट येत होता.

महेबूबने कुंचला डब्यात ठेवला. "तो फिर, मॅडम? पुसू की राहू देऊ?"

मी जुन्या फळ्याकडे वळले. माणसांकडे बघून ते सांगता आलं नसतं. वर्गात पाठ करून फळ्यावर लिहिताना मी मोठ्या आवाजात बोलते, मागच्या बाकापर्यंत जाईल असं. त्याच आवाजात बोलले.

"पुसा. संगिता नावाची माझी मैत्रीण आली होती. तिच्यासमोर मला बाची लाज वाटली. रेडिओ ऐकतो म्हणून, समुद्राचं बोलतो म्हणून. तिला हसवायला मी तो कागद लिहिला आणि बाच्या हातात दिला. मोठ्या शहरात रोज लावतात म्हणाले. ती दाराआड हसत होती, आणि मीही मनातल्या मनात. नंतर इतकी वर्षं कॉलेजमध्ये मी हेच सांगून लोकांना हसवलं. त्याने काय लिहिलं ते सांगायची, का लिहिलं ते मला माहीत नव्हतं, मी विचारलंच नाही. बा, मी तुझी थट्टा केली होती. तू ती खरी मानलीस, हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. आणि मी गप्प बसले."