चौदावा बोल्ट

लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी तिला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली होती. सासरे पेशाने शिंपी. गळ्यात टेप, कानावर खडू आणि बोलणंही बेतून कापल्यासारखं. "हे बघ पोरी, माझाच मुलगा आहे म्हणून सांगतो. उसवतो फार छान. शिवत नाही."

मुलाने दुकान पुढे चालवलं नाही याची ही कुरकुर असणार, असं तिला वाटलं. "शिवायला तुम्ही आहात ना, बाबा," असं हसून म्हणाली आणि विसरून गेली.

पुढच्या चार वर्षांत तिने उसवलेला मिक्सर पाहिला, उसवलेला प्रिंटर पाहिला. बाळाच्या ढकलगाडीचं एक चाक जरासं कुरकुरत होतं म्हणून चारही चाकं वेगळी होऊन खिडकीत आठवडाभर ओळीने बसलेली पाहिली. नवरा नोकरीने लिफ्ट-तपासनीस. दिवसभर लोकांच्या इमारतींत जाऊन दोर, ब्रेक, कड्या तपासायच्या, एखादी कडी जरी सैल दिसली तरी लिफ्टला कुलूप घालून वर लाल पाटी लावायची. रहिवाशांनी कितीही गयावया केली तरी पाटी उतरत नसे. असा हा काटेकोर माणूस घरी आला, की काटेकोरपणा बुटांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचा.

अपघात झालेल्या, विमा कंपनीने सोडून दिलेल्या गाड्यांचा लिलाव होतो आणि तो फोनवर बसल्या बसल्या जिंकता येतो, हे तिला लिलाव जिंकून झाल्यावर कळलं.

"थोडी लागलीय," तो म्हणाला.

"कुठे?"

"पुढे."

"किती?"

"पुढे म्हणजे... पुढेच."

त्याने फोटो दाखवले. नऊ फोटो, आणि नऊही डाव्या बाजूचे. डावीकडून गाडी खरोखर नजर लागावी अशी होती. लालबुंद, जमिनीला टेकलेली, उभ्या उभ्या पळत असल्यासारखी. उजवी बाजू थेट ट्रकवरून उतरतानाच दिसली. पुढचं चाक आत वळलेलं, बॉनेट चुरगळलेल्या कागदासारखं आणि दिव्याच्या जागी नुसतंच भगदाड. तिचा चेहरा बघून ट्रकवाल्याला दया आली असावी. "ताई, सवय होईपर्यंत डावीकडूनच बघत जा," तो म्हणाला.

दारं दोनच. मागची सीट इतकी अरुंद, की तिथे एखादी उशी फार तर मोकळेपणाने बसली असती. "आपण तिघं आहोत," तिने आठवण करून दिली.

"गोटी बसेल ना मागे," तो म्हणाला.

गोटी त्यांची मुलगी. तेरा महिन्यांची, चारही बाजूंनी सारखीच गोल, म्हणून गोटी. जगाची ओळख ती तोंडाने करून घेत असे. तिच्या तोंडातून आजवर रिमोटचं बटण निघालं होतं, आजोबांच्या चष्म्याची काडी निघाली होती, बुटाची नाडी गाठीसकट निघाली होती, आणि एकदा जे निघालं ते काय होतं हे शेवटपर्यंत कोणालाच कळलं नाही. आणि आता स्वयंपाकघराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये शेकडो बोल्ट, नट, चकत्या आणि चापांचं दुकान मांडलं जाणार होतं. 

पण ती नुसती घाबरून बसणारी नव्हती. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली, प्रयोगशाळेत एकेक थेंब मोजलेली बाई. शिवाय सासऱ्यांची चाळीस वर्षांची पद्धत डोळ्यांसमोर होती. काम सुरू करताना टाचण्या मोजायच्या, काम संपलं की पुन्हा मोजायच्या. एक जरी कमी भरली, तरी कपडा गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही. "टाचणी हरवत नसते," सासरे म्हणत. "ती कुठेतरी असते, आणि तिथे ती नको असते."

तिने अंड्यांचे रिकामे ट्रे जमवले. प्रत्येक खळग्यात एक बोल्ट, ट्रेच्या कडेवर नाव, वहीत संख्या. स्वयंपाकघर आणि गॅरेज यांच्यामध्ये लाकडी फाटक बसवून घेतलं. रोज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी मोजणी. नवऱ्याने पहिले दोन दिवस चेष्टा केली. तिसऱ्या दिवशी त्याला रेडिएटरचे बोल्ट कोणते ते आठवेना आणि तो मुकाट्याने वही मागायला आला. पाचव्या महिन्यापर्यंत अशी गत झाली, की तो गाडीखालून ओरडायचा, "अगं, पुढच्या पंख्याचे किती?" आणि ती भाजी चिरता चिरता सांगायची, "सहा. दोन लांब, चार आखूड. त्यातला एक गंजलाय, तो लावू नकोस."

सासरेही रोज येऊ लागले. फाटलेल्या सीटला नवं आवरण शिवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. स्टुलावर बसून जाड सुईने टाके घालत ते मुलावर लक्ष ठेवत. "ते चाक वाटेत का टाकलंस? माणूस अडखळून पडेल."

"बाबा, तुम्ही शिवा."

"मी शिवतोच आहे. या घरात कोणीतरी शिवायला पाहिजे."

अशा रीतीने, सांगायलाही नवल वाटेल, गाडी खरोखर जुळत आली. चाक सरळ झालं, भगदाडात दिवा बसला, बॉनेट दुसरीकडून आलं. ते निळं होतं, पण त्यावर कोणी बोलायचं नाही असं ठरलं होतं. शनिवारी सकाळी शेवटचं मोठं काम होतं. इंजिनाला हवा नेणाऱ्या नळ्यांचा तडकलेला जुडगा बदलून नवा बसवला होता, त्याचे चौदा बोल्ट आवळायचे आणि मग पहिल्यांदा इंजिन सुरू करायचं. नवऱ्याने नवा शर्टसुद्धा घातला होता.

तो एकेक बोल्ट आवळत गेला. अकरा, बारा, तेरा. हात ट्रेकडे गेला आणि तिथेच थांबला.

चौदावा खळगा रिकामा.

"बुधवारी चौदा होते," ती फाटकापलीकडून म्हणाली. "गुरुवारी मोजायचं राहिलं. गोटीला ताप होता. काल तू शटर आधीच ओढलंस."

तिघांनी एकदमच खाली पाहिलं. आजोबांच्या स्टुलापाशी गोटी बसली होती. फाटक ओलांडून तिला आजोबांनीच आत घेतलं होतं. तोंड घट्ट मिटलेलं आणि चेहऱ्यावर कमालीचं समाधान.

आईने झेप घेतली, बोट घालून तोंड उघडलं. बिस्किटाचा लगदा निघाला. लगद्याखाली काही नाही. म्हणजे एक तर गोटीने बोल्ट खाल्लाच नव्हता, नाहीतर खाऊन वर बिस्किटही खाल्लं होतं.

"इंजिनात तर नाही ना पडला?" नवरा स्वतःशीच बोलल्यासारखा पुटपुटला, आणि मग त्याच्या तोंडून ते वाक्य गेलं, जे त्याला पुढे जन्मभर ऐकावं लागणार होतं. "त्यापेक्षा गोटीने गिळला असेल तर बरं. तिच्यातून तो आपला आपण बाहेर तरी येईल."

सासऱ्यांनी सुई खाली ठेवली.  दुपटं, पाण्याची बाटली आणि मुलगी घेऊन ती रस्त्याला लागली. नवरा नव्या शर्टात मागे धावला, सासरे त्याच्या मागे.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं. मऊ होतं. "बोल्ट केवढा?"

"करंगळीच्या एका पेराएवढा. डोकं सहा कोनांचं," ती म्हणाली.

"स्टेनलेस," नवऱ्याने भर घातली. तिने त्याच्याकडे बघितल्यावर तो भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता मन लावून वाचू लागला.

एक्स-रे काढला. पडद्यावर गोटीच्या इवल्याशा बरगड्या उमटल्या आणि त्यांच्यामधोमध एक पांढरा, गोल, ठसठशीत ठिपका.  आपल्या अंगातलं सगळं रक्त कोणीतरी नळ सोडून काढून घेतंय असं तिला वाटलं. एक्स-रेवाला पुढे वाकला. "हे काय बरं असावं?"

"सरका जरा," सासरे म्हणाले. चष्मा कपाळावर नेऊन त्यांनी पडदा न्याहाळला. "हे माझं टिच-बटण आहे. अंगावरच्या झबल्याचं. मीच लावलंय." मग जरा थांबून, "किती सरळ बसलंय बघा."

झबलं काढून दुसरा एक्स-रे काढला. बरगड्या, बिस्किट आणि बाकी सगळं मोकळं. तिला तिथेच बाकावर बसून रडू आलं, आणि आई का रडते ते न कळून गोटीने तिचं कानातलं तोंडात घातलं.

परतीच्या वाटेवर नवरा मात्र आपल्याच नादात पुढे चालत होता. मुलगी सुटली म्हणजे इंजिन अडकलं, हा हिशेब त्याच्या मनात चालला असणार. घरी पोहोचताच त्याने नवा शर्ट काढून खिळ्याला लावला. "आधी खालचं बघतो. इंजिनाखाली प्लास्टिकचं मोठं आवरण आहे, नशीब असेल तर त्यात पडला असेल. दोनच मिनिटं." त्याने पुढची बाजू जॅकवर उचलली, पुठ्ठा अंथरला आणि त्यावर पाठ टेकून आत सरकला. बाहेर फक्त पाय उरले. सासरे पुन्हा स्टुलावर बसून टाके घालू लागले.

ती घरात गेली. गोटीला पाळण्यात ठेवलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी ठेवायला कपाटावरचा औषधांचा डबा खाली घेतला. तापाच्या औषधाची बाटली होती, थर्मामीटर होता, आणि थर्मामीटरशेजारी कापसात नीट गुंडाळून ठेवलेला, करंगळीच्या एका पेराएवढा, सहा कोनी डोक्याचा बोल्ट.

क्षणभर तिला वाटलं, दुसऱ्याच कोणाचा तरी असेल. मग लख्ख आठवलं. गुरुवारची सकाळ, तापलेली गोटी कडेवर, आणि फाटकापाशी पायपुसण्यावर चमकणारं काहीतरी. हिच्या हाताला लागायला नको म्हणून तिनेच तो उचलून घरातल्या सगळ्यांत उंच जागी ठेवला होता. कापसातसुद्धा तिनेच गुंडाळला होता. वहीत मात्र लिहायचं राहिलं.

ती पलंगावर बसली. पाच महिने डोळ्यांत तेल घालून मोजलं, नवऱ्याला पदोपदी सुनावलं, लेकराचे दोन-दोन एक्स-रे काढले. आता काय तोंडाने सांगायचं? 'अरे, सापडला हं' असं सहज? की आधी चहा करावा आणि मग? सासऱ्यांच्या समोर तर नकोच. ते काही बोलायचे नाहीत, नुसतं बघतील, आणि ते फार वाईट.

तेवढ्यात तिला तो विचार सुचला. कोणालाही सुचला असता. बोल्ट गुपचूप गाडीखाली घरंगळत सोडायचा. त्याचा त्यालाच सापडेल, तोही खूश, आपलीही अब्रू वाचली.

पाय न वाजवता ती गॅरेजमध्ये गेली. सासरे सुईत दोरा ओवत होते, त्यांची नजर दोऱ्यावर. नवरा खालून मजेत बोलत होता. "बाबा, माझं पोट सुटलंय बहुतेक. सकाळी इथे आरामात मावत होतो, आता शर्ट घासतोय."

"शर्ट खिळ्याला आहे तुझा," सासरे म्हणाले.

"बनियन, बनियन घासतंय."

ती गाडीच्या बाजूला गुडघ्यांवर बसली, गाल जवळजवळ फरशीला टेकवला आणि बोल्ट सोडायला हात पुढे केला. नवऱ्याची छाती दिसली. छातीवर टेकलेलं काळं लोखंड दिसलं. आणि तिच्या डोळ्यांदेखत ते लोखंड, अगदी शांतपणे, आवाज न करता, एका केसाएवढं खाली आलं. ज्या तेलाच्या दाबावर जॅक गाडी तोलून धरतो, त्याचंच थारोळं जॅकच्या बुडाशी पसरत होतं.

बोल्ट तिच्या हातातून गळून पडला. तिने नवऱ्याचा एक पाय घोट्याशी धरला. "बाबा, दुसरा पाय," एवढंच ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं, की सत्तरीच्या सासऱ्यांनी काही न विचारता सुईदोऱ्यासकट दुसरा पाय पकडला. दोघांनी ओढलं. लिफ्ट-तपासनीस पुठ्ठ्यासकट, "अगं, काय चाललंय, पकड राहिली आतच," असं म्हणत सरसरत बाहेर आला. गाडी थोडी कण्हली, एक सुस्कारा सोडला आणि त्या पकडीवर, जिथे आत्ता त्याच्या बरगड्या होत्या तिथे, हलकेच बसली. पकड वाकडी झाली.

 आतून गोटी पाळण्याची कडी वाजवत होती. नवऱ्याने वाकड्या पकडीकडे पाहिलं, मग जॅककडे, मग आपल्या छातीवरच्या ग्रीसच्या रेघेकडे. त्याचा हात जमिनीवर काहीतरी चाचपडत होता. हाताला बोल्ट लागला.

"हा बघ," तो बारीक आवाजात म्हणाला. "खालीच होता. म्हणालो होतो ना."

"नव्हता," ती म्हणाली, आणि तिथेच फरशीवर बसून तिने सगळं सांगून टाकलं. औषधाचा डबा, कापूस, घरंगळत सोडायचा बेतसुद्धा. सासरे हसायला लागले, मग नवरा, आणि हसता हसता त्याचे दात वाजायला लागले ते थांबेनात. तिने त्याला दुपट्यात गुंडाळलं. त्या दिवशी इंजिन सुरू झालं नाही. सासऱ्यांनी गॅरेजच्या शटरला कुलूप घातलं आणि मुलाच्या कामाच्या पिशवीतली लाल पाटी काढून त्यावर टांगली. दोन भक्कम लोखंडी स्टँड येऊन गाडीखाली उभे राहीपर्यंत ती पाटी उतरली नाही. नवऱ्याने दोनदा गयावया करून पाहिली.

एक गोष्ट मात्र तिच्या मनातून जात नाही. तो खालून बोलत होता, विनोद करत होता, विचारलं त्याचं उत्तर देत होता. नुसत्या आवाजावर ती विसंबली असती तर दाराशीच उभी राहून परत फिरली असती. म्हणून ही हकीकत ती जिला-तिला सांगते, आणि इथेही तुमच्यापर्यंत पोहोचवायला तिने बजावलंय. तुमच्याही घरी, शेजारी, गल्लीच्या टोकाला कोणीतरी या घडीला गाडीखाली असेल, नवरा, भाऊ, बाप, कोणीही. हे हातातलं खाली ठेवा आणि जाऊन या. हाक मारा. ओ आली तरी लगेच परतू नका. वाकून बघा.