तळघरातला दुसरा पत्ता

ऑफिसची सगळी मेल जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवून सर्व्हरबुवांनी सोमवारी साहेबांना कळवलं, "काम फत्ते." चेहरा असा, की नदीचं पात्रच हातानं वळवून आलेत.

बुधवारी स्वागतकक्षातल्या ताई त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. एरवी सबंध मजल्याला पुरणारा त्यांचा आवाज आज जेमतेम टेबलापर्यंत पोचला.

"बुवा, लेकीच्या कानाच्या ऑपरेशनची तारीख हॉस्पिटलनं काल मेलवर पाठवली म्हणतात. दोनदा. मला एकही मिळाली नाही. आज दुपारपर्यंत मेलमधलं होकाराचं बटण दाबलं नाही, तर तारीख पुढच्या पेशंटला."

"स्पॅममध्ये बघितलंत?"

"तिथं मला लॉटरी लागलीय. तारीख नाही."

"फोन करा की."

"केला. फोनवर होकार चालत नाही, आणि तिसऱ्यांदा त्यांचा संगणक पाठवत नाही."

बुवांनी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या आणि घोटाळा त्यांच्या ध्यानात आला. नवा सर्व्हर शिस्तीचा. अनोळखी मेल आली की तो दारातूनच सांगे, 'जरा वेळानं ये'. खरी असेल ती परत येते, भामटी येत नाही. ही अक्कल त्याला बुवांनीच शिकवलेली. पण ऑफिसच्या नावावर दोन पत्ते होते: पहिला नव्या सर्व्हरचा, दुसरा अडीनडीला म्हणून जुन्याचा. दुसरा खोडायचा बुवा साफ विसरले होते. पहिल्या दारी दाद लागेना, तशी हॉस्पिटलची मेल सरळ दुसऱ्या दारी गेली होती.

आणि तो जुना सर्व्हर भंगारात द्यायचा हुकूम बुवांनी सोमवारीच सोडला होता. भंगाराची गाडी सकाळी येऊन गेलेली त्यांनी खिडकीतून पाहिली होती.

बुवा धावले. मागोमाग ताई.

तळघरात स्टोअरकीपर मामा खुर्चीत बसले होते. त्यांच्या कपाटाशेजारी, नेहमीच्याच जागी, जुना सर्व्हर सुखानं घरघरत होता.

"मामा! हा गेला नाही?"

"कसा जाईल? माझ्याकडून चालू वस्तू बाहेर जात नाही. ज्यानं मोडीत काढली, त्यानं समक्ष येऊन बंद करायची. दोन दिवस निरोप धाडतोय. पण तुम्हाला चार पायऱ्या उतरणं जिवावर येतं."

याच नियमावरून बुवांनी चहाच्या वेळी मामांची भरपूर टिंगल केली होती. आता त्यांनी मुकाट्यानं स्क्रीन जोडला. रिटायर होऊनही रोज ऑफिसात येणाऱ्या साहेबासारखा जुना सर्व्हर लोकांच्या मेल घेत बसला होता. ताईंच्या दोन्ही मेल होत्या. ताईंनी खोक्यावर बसून बटण दाबलं, 'तारीख पक्की' असं उत्तर आलं, आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"मामा, तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले? यांच्या आळसाचे माना."

बुवांच्या आळसाचे आभार आजवर कुणी मानले नव्हते. त्यांनी अडकलेल्या सगळ्या मेल नव्याकडे धाडल्या, दुसरा पत्ता खोडला.

"आता करा बंद," मामा म्हणाले.

"नको. पत्ता खोडल्याची खबर सगळीकडे पोचायला वेळ लागतो, तोवर चुकार मेल इथंच येतील. शुक्रवारी मी स्वतः येतो. आणि मामा... बरं झालं तुम्ही ऐकलं नाहीत माझं."

शुक्रवारी तिघं पुन्हा खाली जमले. बुवांनी बटण दाबलं, पंखा मंदावत थांबला. घरचं कुणी गावाला निघावं तसा ताईंनी यंत्राच्या पाठीवरून हात फिरवला.

"जपून," मामा म्हणाले, "अजून गरम आहे."